माझ्या लेकीला पापी म्हणू नका

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन साखरेच्या एका पुड्याहून जेमतेम जास्त होतं, आणि तिला पापी ठरवायला माणसं तयार बसली होती. असं लिहिलेलं आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काही जणांना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. साक्ष द्यायची तर ती गोड आवाजात द्यावी, आधी संकट, मग सुटका, शेवटी सगळ्यांनी मिळून आमेन, अशी आमच्याकडची रीत. मला ती साधत नाही. मी शाळेत पी.टी. शिकवते. दिवसभर मैदानावर ओरडून आवाजच तसा झाला आहे, आणि पटलं नाही तर समोरच्याला तोंडावर सांगायची सवयही त्यातूनच लागली असावी. देवालाही मी तोंडावरच सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं, एवढंच मला इथे लिहायचं आहे.

पापाची शिकवण मला नवी नव्हती. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म पणजोबांपासून आहे. रविवारच्या शाळेत 'पापी कोण?' असं विचारलं की आम्ही सगळी पोरं एकदम 'आम्ही' म्हणायचो, आणि म्हणता म्हणता शेजारच्याला चिमटे काढायचो. पहिल्या माणसापासून पाप आपल्यात उतरलं आहे, माणूस पाप करतो म्हणून पापी ठरत नाही, तो मुळातच पापी असतो म्हणून पाप करतो, हे सगळं मला परीक्षेतल्या उत्तरासारखं तोंडपाठ होतं. कितीतरी वर्षं दर रविवारी गुडघे टेकून मी ते म्हणत आले आणि उठून घरी जाऊन मटणाला फोडणी देत आले. त्या शब्दांनी मला कधी काही टोचलं नाही. ते माझ्या लेकीपर्यंत येऊन पोचले तेव्हा मात्र टोचले.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून दिवस राहिले होते. मे अखेरच्या नवतप्याच्या उन्हात, शाळेला सुट्ट्या असताना, सक्करदऱ्यातल्या आमच्या घरी मी कूलरमध्ये पाणी ओतायला वाकले आणि कळ आली. सातवा महिनाही पुरा झाला नव्हता. माझे यजमान सुबोध तेव्हा मौद्याला वीज केंद्रात ड्यूटीवर होते. ते येईपर्यंत मुलगी जन्मलीसुद्धा होती आणि तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, छातीवर चिकटवलेल्या वायरी, आणि मनगट माझ्या करंगळीएवढंही नाही. फुप्फुसं कच्ची आहेत, आत्ताच काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्हा आयांना ठरावीक वेळी आत सोडत. बाकीचा दिवस आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये चटया टाकून बसायचो, आणि आतलं दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या.

तिथे आमच्या महिला मंडळाच्या बायका आल्या. पुढे विमलकाकू. काकू मंडळाच्या अध्यक्ष आहेत, आणि मंडळीत कोणाकडे आजारपण आलं की पहिला डबा त्यांचाच पोचतो, हेही लिहायला हवं. त्या दिवशीही डबा होता. गोल करून सगळ्या माझ्याभोवती उभ्या राहिल्या आणि काकूंनी प्रार्थना सुरू केली. आधी डॉक्टरांसाठी केली, नर्सबाईंसाठी केली, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ''प्रभो, या घरात जे काही लपलेलं असेल ते उजेडात आण.'' मी डोळे उघडले. बाकीच्यांचे मिटलेले होते आणि सगळ्या 'हो प्रभो, हो प्रभो' म्हणत होत्या. आमेन झाल्यावर काकू माझ्याशेजारी टेकल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, ''देव उगाच काही करत नाही वं. मनात काही राह्यलं असन तं बोलून टाक. लेकराले मोकळं कर.''

मी हात सोडवून घेतला. ''काकू, आमेन झालं न? मंग निघा आता,'' मी म्हटलं, आणि हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण हॉलमधल्या सगळ्या बाया आमच्याकडे बघायला लागल्या. काकूंचा चेहरा उतरला. त्या डबा ठेवून निघून गेल्या. त्यातली भाजी मी खाल्ली नाही, सासूबाईंनी खाल्ली. आज आठवलं तरी मला माझ्या त्या बोलण्याचं वाईट वाटत नाही. आजारी लेकराच्या आईला कोपऱ्यात घेऊन 'तू काय केलंस' असं विचारणं हे प्रार्थनेच्या आवाजात केलं तरी तेच असतं.

मग बाप्तिस्म्याचा विषय निघाला. सासूबाईंच्या जिवाला घोर लागला होता. तान्ही मुलं तशीच गेली तरी प्रभू त्यांना जवळ करतो, असं आमचे पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, नेहमी सांगत आले आहेत, पण सासूबाईंचं मन मानत नव्हतं. ''एकदा पाणी पडू दे तिच्या कपाळावर. मंग मी काही नाही म्हणत,'' असं त्या सकाळ-संध्याकाळ म्हणायच्या. पाणी पडायला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती त्या विधीत वाचतात त्या वाक्याला. प्रत्येक माणूस पापात जन्मतो, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. मी ते लहानपणापासून दुसऱ्यांच्या बाळांवर वाचलेलं ऐकलं होतं. काकू येऊन गेल्यानंतर ते आपल्या बाळावर ऐकायची कल्पनाच मला सहन होईना. जिला अजून स्वतःचा श्वास घेता येत नाही, जिने अजून आईच्या अंगाचा वासही घेतला नाही, तिने कोणाचं काय बिघडवलं? सुबोधना मी सांगून टाकलं, माझ्या लेकीला पापी म्हणायचं असेल तर बाप्तिस्मा नको. ती गेली तर तशीच जाईल आणि वर जाऊन मी स्वतः देवाशी बोलेन.

पाळकसाहेब आले. आमच्या दोघींच्या मधे, म्हणजे सासूबाईंच्या रडण्याच्या आणि माझ्या रागाच्या मधे, खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मी त्यांना म्हटलं, ते वाक्य गाळा. ते म्हणाले, ''ते वाक्य माझं नाही, त्यामुळे मला ते गाळता येणार नाही. पण तुम्ही हो म्हणेपर्यंत मी पाणीही आणणार नाही.'' सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं होतं ते मला शास्त्रातून काही समजावून सांगतील, आणि मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी काहीच समजावलं नाही. जाताना लिफ्टपाशी मला एवढंच म्हणाले की देवावर रागावला आहात तर रागवा, पण बोलणं बंद करू नका.

हॉलमध्ये माझ्या शेजारच्या चटईवर रंजना बसायची. मौद्याच्या पलीकडच्या एका गावातली, धान आणि मिरची करणाऱ्या घरातली. तिचा मुलगा माझ्या मुलीच्या आगेमागेच जन्मला होता आणि तोही पेटीतच होता. तिचा नवरा कळमन्याच्या बाजारात मिरची टाकून तसाच दवाखान्यात यायचा. तो हॉलमध्ये शिरला की सगळ्यांना शिंका सुटायच्या आणि चौकीदार त्याला दारातच उभं करायचा. रंजना तिथूनच ओरडून विचारायची, ''भाव काय भेटला?'' आणि तोही तिथूनच ओरडून सांगायचा. इतक्या काळजीतही आम्हाला हसू यायचं. तिने काकूंचं प्रकरण पाहिलं होतं. त्या बाया गेल्यावर तिने मला विचारलं, ''काय म्हणून राहिल्या होत्या त्या?'' मी सांगितलं. ती म्हणाली, ''मले सासूनं सांगितलं, ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोट्टं असं झालं. मी म्हटलं, भाजी तं तुमीच चिराले सांगितली होती.'' त्यानंतर आमची मैत्रीच झाली.

मला दूध येत नव्हतं. नर्सबाई येऊन प्रयत्न करायच्या, मी रडकुंडीला यायचे, आणि वाटीच्या तळालाही काही जमायचं नाही. त्या दवाखान्यात आयांचं दूध साठवायची सोय होती. जिला जास्त यायचं ती द्यायची, ते तपासून दुसऱ्या बाळांना नळीतून पाजत. रंजनाला भरपूर यायचं. ''मले तं पदर भिजून जाते,'' ती म्हणायची आणि रोज सकाळी देऊन यायची. ते कोणाच्या बाळाला जातं हे दवाखान्यात सांगत नसत, पण त्या दिवसांत देणारी ती जवळजवळ एकटीच होती आणि घेणारी बाळं दोन-तीनच होती, त्यामुळे हिशोब आम्हा दोघींनाही कळत होता. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मीच एकदा बोलायचा प्रयत्न केला तर तिने विषय मिरचीवर नेला.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. एके दिवशी दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो आणि आतून मशीन वाजायला लागलं. मशिनं तशी रोज वाजतात, थोड्या वेळाने थांबतात. हे थांबलं नाही. एक डॉक्टर पळत आत गेले, पाठोपाठ दुसरे गेले, आणि चौकीदाराने दार लावून घेतलं. एक नर्सबाई अर्धं दार उघडून म्हणाल्या, कोणी आत येऊ नका, एक बाळ सिरियस आहे. कोणाचं, असं सगळ्यांनी एकदम विचारलं. त्या म्हणाल्या, थांबा, सांगते, आणि दार पुन्हा लागलं. आम्ही सगळ्या उभ्या होतो. माझ्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला रंजना. मी तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्या मनात आलं, देवा, तिचं असू दे. माझं नको, तिचं असू दे.

ही मागणी मी विचार करून केली नाही. कोणी मला ती शिकवली नव्हती. सकाळीच तिचं दूध माझ्या मुलीच्या पोटात गेलं होतं, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. तरी ती मागणी आली, आणि अशी सहज आली की जणू तिला यायची वाट ठाऊक होती. मी आयुष्यात जितक्या प्रार्थना केल्या त्यात इतकी मनापासून केलेली दुसरी कोणती मला आठवत नाही.

दार उघडलं. नर्सबाईंनी नाव घेतलं ते माझं नव्हतं आणि रंजनाचंही नव्हतं. हॉलच्या कोपऱ्यात एक कोवळी आई बसायची, भिंतीकडे तोंड करून असायची म्हणून आमचं तिच्याशी फारसं बोलणं झालं नव्हतं. तिला आत बोलावलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा काही विचारायची गरज उरली नव्हती. आणि मला हायसं वाटलं. तिला पाहताना मला हायसं वाटत होतं, हेही लिहिलं नाही तर या सगळ्या लिहिण्याला काही अर्थ नाही.

तेवढ्यात रंजनाने माझा दंड धरला. ''बाई,'' ती म्हणाली, ''मी लय वाईट केलं. मीनं देवाले म्हटलं, या पी.टी.वाल्या बाईचं घेऊन जा, माझं ठेव.'' ती माझ्याकडे बघत नव्हती, चटईकडे बघत होती. ती पुन्हा म्हणाली, ''तुमचं नाव घेऊन म्हटलं जी.'' मग मी सांगितलं, ''मी पण तेच म्हटलं रंजना.'' तिने वर पाहिलं. ''माझ्या पोट्ट्याचं?'' मी मान हलवली. तिला राग येईल असं मला वाटलं. आला असता तर मला बरंच वाटलं असतं. तिने कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ''चाला, तिच्यापाशी कोणीच नाही.'' आम्ही दोघी त्या मुलीपाशी जाऊन बसलो. रंजनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, मी तिचे पाय धरून बसले. तिच्या घरचे येईपर्यंत आम्ही उठलो नाही. त्या सगळ्या वेळात मला एकही प्रार्थना सुचली नाही, आणि काही म्हणायची लाजही वाटत होती.

काकू जे शोधत होत्या ते मला सापडलं होतं, पण त्या शोधत होत्या तसं ते नव्हतं. त्यांना एखादी घडलेली गोष्ट हवी होती, नाव-गाव असलेली, जी बोलून टाकली की लेकरू बरं होईल. मला सापडलं ते कशाचंच कारण नव्हतं. माझ्या मनात ते होतं म्हणून माझी मुलगी लवकर जन्मली नाही, आणि रंजनाच्या मनात ते होतं म्हणून त्या कोवळ्या पोरीचं बाळ गेलं नाही. ते नुसतं तिथे होतं, दोघींच्यातही, रविवारच्या शाळेत वाढलेल्या माझ्यात आणि गावच्या देवीला नैवेद्य दाखवत वाढलेल्या रंजनात, अगदी सारखं. मूळचं पाप म्हणतात ते हेच असेल, तर ते मला मान्य करावंच लागलं. माझ्या लेकीतही ते असणार. ती जगली, मोठी झाली, तर कधीतरी दार बंद झाल्यावर तीही शेजारणीकडे बघेल. हे कळलं तेव्हा मला तिच्याबद्दल राग आला नाही, उलट तिची फार माया आली. आजवर ती माझी लेक होती. त्या दुपारी ती मला माणूस म्हणून पहिल्यांदा दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना नेहमीसारखी उठली आणि दूध देऊन आली. मी बघत होते. ज्या बाईच्या मुलाचं मरण मी मागितलं, तिला ते माहीत होतं, आणि तिचंच दूध माझ्या मुलीच्या नळीतून जाणार होतं. मी त्याच्या लायक नव्हते. तिनेही माझ्या मुलीचं तेच मागितलं होतं, म्हणजे तीही काही संतीण नव्हती. तरी दूध आलं. कृपा हा शब्द मी गाण्यांतून इतक्या वेळा म्हटला आहे की त्याची मला काही किंमत राहिली नव्हती. त्या सकाळी ती एका स्टीलच्या वाटीत माझ्यासमोरून गेली.

मी हॉलच्या जिन्यावर जाऊन बसले आणि देवाशी बोलले. मी पापी आहे, कबूल. माझी लेक माझ्याच जातीची आहे, तेही कबूल. पण तिच्या पेटीचा आणि माझ्या पापाचा संबंध तू जोडणार असशील तर आत्ताच सांग, मी मंडळी सोडते. आणि जोडणार नसशील तर तुझ्या लोकांना आवर. मी अशीच बोलले. देव काही बोलला नाही. त्या संध्याकाळी मुलीची नळी निघाली असं इथे लिहिता आलं असतं तर वाचायला छान वाटलं असतं, पण तसं झालं नाही. ती पुढे बरेच दिवस आत होती, मधे एकदा पुन्हा बिघडलीही. फक्त जिन्यावरून उठताना माझ्या मुठी उघडलेल्या होत्या. तिला वाचवणं माझ्या हातात नाही आणि मी चांगली असण्यावरही ते अवलंबून नाही, हे मला पटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी चटईवर पडल्या पडल्या झोपले. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं अशी माझी समजूत होती. माझी मान तेव्हाही ताठच होती.

रंजनाचा मुलगा आधी घरी गेला, मग माझी मुलगी. पावसाळा सरत आला तेव्हा मी पुन्हा पहिल्यांदा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाय ठेवला, तो शनिवारच्या तयारीच्या सभेला. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या मेजावरची भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, आदल्या दिवशी ही सभा असते. मनात कोणाबद्दल अढी असेल तर तिच्यासकट मेजावर येऊ नये, म्हणून त्या दिवशी लोक एकमेकांपाशी जाऊन माफी मागतात. वर्षानुवर्षांची सवय म्हणून त्याचं एक ठरलेलं वाक्यच झालं आहे, आणि हात जोडून, अर्धवट हसत, ते एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरत असतं. विमलकाकू माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ''माझं काही चुकलं असन तं माफ कर वं.''

मी हात जोडले नाहीत. ''असन तं काढा काकू,'' मी म्हटलं. ''चुकलं.'' सासूबाईंनी मागून माझा पदर ओढला. काकू म्हणाल्या, ''बाहेर चाल.'' बाहेर कडुनिंबाखाली बाक आहे, तिथे आम्ही बसलो. मला वाटलं आता त्या मला माझी जागा दाखवून देतील. पण त्या बोलल्या तेव्हा त्यांचा अध्यक्षांचा आवाज गेलेला होता.

''माझा पहिला पोरगा रांगाले लागला होता तेव्हा गेला,'' त्या म्हणाल्या. मला हे माहीत नव्हतं. ''तेव्हाच्या बायांनी मले असंच मधात बसवलं होतं. म्हणे, बोल. मी लय आठवलं, काहीच आठवून नाही राहिलं. अन् त्या उठूनच नाही राहिल्या. पोरगा आत तापानं फणफणून राहिला होता. मंग मी खोटंच सांगितलं.'' काय सांगितलं, असं मी विचारलं. ''सांगितलं, लपून देवीले नवस केला म्हणून. मी केलाच नव्हता. मले वाटलं, कबूल केलं तं तो वाचन.'' मुलगा वाचला नाही. आणि आपल्या बायकोने नवस केला म्हणून पोरगा गेला, हे काकूंचे यजमान शेवटपर्यंत धरून बसले. काकूंनी त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांना ते खोटं वाटलं.

मला रडू कोसळलं. ज्या बाईला मी इतके महिने मनात शिव्या देत होते, तिने माझ्याकडून तेच मागितलं होतं जे तिच्याकडून ओरबाडून घेतलं होतं. ''काकू, ते पाप त्यांनी तुमच्याकडून करवलं,'' मी म्हटलं. ''करवलं त्यांनी,'' काकू म्हणाल्या, ''पण केलं तं मीनंच. अन् मंग तुले बी तसंच बसवलं.'' यात कुठेही 'असन तं' नव्हतं. मग मी त्यांना हॉलमधली दुपार सांगितली. माझ्या स्वतःच्या आईला मी ती सांगितलेली नाही. काकूंनी माझा गुडघा दाबला, आणि आतून गाणं सुरू झालं तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसून आत गेलो.

मी पाळकसाहेबांना सांगितलं की बाप्तिस्मा करू, वाक्य राहू द्या. पण माझी एक अट होती. कोणाच्या आजारपणात त्या घराचं पाप शोधायला जायचं नाही, हे त्यांनी उपासनेत सगळ्यांसमोर सांगायचं. ते म्हणाले, हे मी फार आधीच सांगायला हवं होतं. आणि त्यांनी सांगितलं, चांगलं ठणकावून सांगितलं. काही जण नाराज झाले, एक कुटुंब अजून आमच्याशी नीट बोलत नाही. ते चालायचंच. मी लेकीची धर्ममाता म्हणून विमलकाकूंना विचारलं, आणि सुबोधनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दवाखान्यातल्या औषधांचा माझ्यावर अजून काही परिणाम आहे.

बाप्तिस्म्याला रंजना आली, मुलाला घेऊन, आणि तिच्या नवऱ्याने मिरचीची पिशवी आणली म्हणून सगळी मंडळी शिंकली. काकूंनी माझ्या सायलीला हातात घेतलं. पाळकसाहेबांनी वाचायला घेतलं, आणि त्या वाक्यापाशी येऊन ते क्षणभर थांबून माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. त्यांनी वाचलं. मला ते टोचलं नाही असं नाही. पण या वेळी ते माझ्या लेकीवर एकटीवर पडलं नाही, मी त्याच्याखाली उभी होते, काकू होत्या, वाचणारेही होते. पाणी पडल्यावर सायली जोरात रडली आणि तिची फुप्फुसं चांगली पक्की झाली आहेत हे सगळ्या देवळाने ऐकलं. देवा, तुझे उपकार, असं मी तेव्हा म्हटलं, आणि माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

नंतर बाहेर चहा-समोसे चालले होते. रंजनाने मला विचारलं, ''ते साहेब मधात वाचता वाचता थांबले, ते काय होतं?'' मी सांगितलं, सगळी माणसं पापात जन्मतात, असं आमच्यात मानतात. ''सगळे?'' ती म्हणाली. ''सगळे,'' मी म्हटलं. तिने काकूंकडे पाहिलं. ''या काकू बी?'' काकूंनी सायलीला थोपटत सांगितलं, ''मी बी वं बाई.'' ''अन् साहेब?'' साहेब बी, मी म्हटलं.

''मंग हे बरं हाय,'' रंजना म्हणाली. ''नाही तं जिकडे जा तिकडे एकट्या आईलेच धरतात.''

काकूंनी सायलीला तिच्या हातात दिलं, आणि रंजनाने तिला छातीशी धरलं.